घरगुती संगणकावरील विनामूल्य विषाणुरोधक आज्ञावली

घरगुती संगणकावरील विनामूल्य विषाणुरोधक आज्ञावली : संगणकाच्या चकतीत अगर स्मृतीत शिरून स्वतःच्या प्रती काढणाऱ्या व बहुधा हानी करणाऱ्या आज्ञावलीस संगणक-विषाणू म्हणतात. असे विषाणू ओळखणारी, त्यांना अडविणारी व शक्य तेथे ते काढून टाकणारी आज्ञावली म्हणजे विषाणुरोधक आज्ञावली होय. व्यवहारात तिला ‘अँटिव्हायरस’ हेच नाव रूढ झाले आहे. घरगुती वापरासाठी ही आज्ञावली विनामूल्य देण्याची प्रथा जवळजवळ विषाणूंइतकीच जुनी आहे. तथापि घरच्या संगणकासाठी विनामूल्य आज्ञावली घ्यावी की विकतची, आणि विनामूल्य घ्यावयाची तर कोणती, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात निरनिराळ्या काळी निरनिराळे मिळाले व ते केवळ किमतीवरून ठरले नाही. विषाणुरोधकाची उपयुक्तता त्याच्याजवळील विषाणूंच्या यादीच्या ताजेपणावर अवलंबून असते. ती यादी घरापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, यावर निवड ठरत गेली. यवतमाळसारख्या जिल्ह्यात ही वाट दीर्घकाळ अरुंद होती.

प्रत्येक विषाणूच्या सांकेतिक मजकुरात एखादा तरी भाग त्याचा स्वतःचा असतो. तो भाग वेगळा काढून ओळखखूण म्हणून यादीत नोंदवितात व संगणकावरील संचिका त्या यादीशी ताडून पाहतात. यादीत नसलेला विषाणू या पद्धतीने सापडत नाही. म्हणून संचिकेच्या वर्तनावरून संशय घेण्याची दुसरी पद्धत पुढे आली. तिने नवे विषाणू काही प्रमाणात पकडले जातात, परंतु निर्दोष संचिकाही कधीकधी दोषी ठरते. नोव्हेंबर २००८ मध्ये एव्हीजी या विनामूल्य आज्ञावलीने विंडोज एक्सपी या कार्यप्रणालीची एक आवश्यक संचिका काही भाषांतील आवृत्त्यांत विषाणू समजून काढावयास लावली व ते संगणक सुरू होईनात. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफी या विकतच्या आज्ञावलीकडूनही तसाच प्रमाद घडला. तेव्हा मूल्य दिल्याने अचूकता मिळतेच, असे नाही. विषाणुरोधक जागा आहे की नाही हे पाहण्यासाठी ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी-संचिका सर्वमान्य झाली असून यूरोपातील ‘आयकार’ या संस्थेचे नाव तिला आहे. तिचा उपयोग विकणारे क्वचितच सांगतात.

पूर्वपीठिका : वैयक्तिक संगणकावर पसरलेल्या आरंभीच्या विषाणूंपैकी एक ‘ब्रेन’ हा होय. लाहोर येथील दोन भावांनी १९८६ मध्ये तो लिहिला व त्यात आपले नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांकही घातले. भारतात १९९० मध्ये आढळलेला ‘जोशी’ हा विषाणू यानंतरचा. तो फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात व स्थिर चकतीच्या विभाजन-तक्त्यात दडून बसे. कळफलकावरील तीन कळा एकदम दाबून संगणक पुन्हा सुरू केला, तरी तो स्मृतीतून जात नसे. ५ जानेवारी या दिवशी संगणक वापरणाऱ्यास तो पडद्यावर ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकित करण्यास सांगे व तसे केल्यावाचून संगणक पुढे चालत नसे. आडनावावरून कर्ता मराठी असल्याचा तर्क सहज सुचतो, परंतु हे आडनाव गुजरात, उत्तराखंड इ. प्रदेशांतही आहे. या विषाणूचा प्रसार देशाबाहेरही पुष्कळ झाला. मार्च १९९२ मधील ‘मायकेलअँजेलो’ विषाणूच्या वार्तांमुळे विषाणू हा शब्द सामान्य वाचकांस परिचित झाला.

या काळातील विषाणुरोधकांचा मोठा भाग विनामूल्य अगर ‘आधी वापरा, मग पैसे द्या’ या तत्त्वावर मिळे. अमेरिकेतील जॉन मॅकॅफी यांची आज्ञावली दूरध्वनीद्वारे चालणाऱ्या सूचनाफलकांवरून पसरली. आइसलँडमध्ये १९८९ मध्ये तयार झालेली ‘एफ-प्रॉट’ ही डॉस कार्यप्रणालीसाठीची आज्ञावली घरगुती वापरास विनामूल्य होती. महाराष्ट्रात या आज्ञावली फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरवून घेतल्या जात, म्हणजे रोग ज्या वाटेने येई त्याच वाटेने औषधही. हातोहात आलेली प्रत बहुधा काही महिने शिळी असे. विषाणूंची संख्या थोडी व त्यांचा प्रवास संथ होता, म्हणून तेवढ्यावर निभावले.

यवतमाळ जिल्ह्यात संगणकाची तोंडओळख प्रामुख्याने महाविद्यालये, बँका व शासकीय कार्यालये यांच्याद्वारे झाली. पुसद येथील बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये, तर यवतमाळ येथील जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था १९९६ मध्ये स्थापन झाली. घरोघरी संगणक पोहोचण्यास पुढील दशक उजाडावे लागले.

क्विक हील : महाराष्ट्रातील या विषयाच्या इतिहासात मध्यवर्ती स्थान असलेली आज्ञावली विनामूल्य नव्हती, ही लक्षणीय गोष्ट आहे. सातारा जिल्ह्यातून पुण्यात आलेल्या कुटुंबातील कैलास काटकर यांनी शालेय शिक्षणानंतर गणकयंत्रे दुरुस्त करण्याचे काम पत्करले व १९९० च्या सुमारास पुण्यात स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर हे पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. दुकानात दुरुस्तीस येणाऱ्या अनेक संगणकांत यंत्राचा दोष नसून विषाणू असल्याचे आढळे. त्यांवर संजय यांनी छोट्या आज्ञावली लिहिल्या व त्यांतूनच ‘क्विक हील’ तयार झाली. १९९५ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी नोंदविण्यात आली. २००७ मध्ये तिचे नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज असे झाले. २०१० मध्ये सिकोया कॅपिटल या गुंतवणूक संस्थेने तीत सु. ६० कोटी रुपये घातले व फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे भाग रोखेबाजारात विक्रीस आले.

या यशाचे कारण आज्ञावलीच्या गुणवत्तेइतकेच तिच्या वितरणात शोधावे लागते. संगणक जोडून देणारा व दुरुस्त करणारा दुकानदार हाच तिचा विक्रेता होता. तालुक्याच्या गावी संगणक बिघडला की गिऱ्हाईक त्याच्याकडेच येई. तो चकती पुसून कार्यप्रणाली नव्याने बसवी, वर्षाच्या परवान्याची पेटी विके, यादी अद्ययावत करून देई आणि पुढील वर्षी परवाना संपल्याची आठवणही करी. गिऱ्हाईक वरकरणी आज्ञावलीचे पैसे देत असले, तरी वस्तुतः ते एका ओळखीच्या माणसाच्या सेवेचे होते. विनामूल्य परदेशी आज्ञावलीस असा माणूस नव्हता. मुंबईच्या मायक्रोवर्ल्ड या कंपनीची ‘ईस्कॅन’ व चेन्नईची ‘के७’ या भारतीय आज्ञावलीही विकतच्याच होत्या.

विनामूल्य आवृत्त्यांचा काळ : चेक प्रजासत्ताकातील दोन कंपन्यांनी २००० नंतर या क्षेत्राचे स्वरूप पालटले. ब्रनो येथील ग्रिसॉफ्टची ‘एव्हीजी’ व प्राग येथील ‘अवास्ट’ यांच्या घरगुती आवृत्त्या विनामूल्य झाल्या. जर्मनीतील ‘अँटिव्हिर’ (पुढे ‘अविरा’) हीही घरगुती वापरास विनामूल्य होती. घरी आज्ञावली वापरून पाहिलेला माणूस कचेरीसाठी तीच विकत घेईल व कोट्यवधी संगणकांवरून नवे विषाणू प्रथम आपल्याकडे येतील, असा हिशेब त्यामागे होता. तो बहुतांशी खरा ठरला. विनामूल्य आवृत्तीत विषाणू ओळखण्याचे मूळ यंत्र बहुधा विकतच्या आवृत्तीचेच असे. वगळलेल्या गोष्टी म्हणजे दूरध्वनीवरील साहाय्य, जाळ्यावरील आक्रमणे रोखणारी भिंत इ. पूरक सोयी. ‘क्लॅमएव्ही’ ही मुक्त-स्रोत आज्ञावली पोलंडमधून आली. ती डाक-सेवकयंत्रांवर उपयुक्त ठरली. तिच्या आधारे विंडोजसाठी केलेली ‘क्लॅमविन’ मात्र सांगितल्यावरच तपासणी करी व सतत पहारा देत नसे, त्यामुळे घरच्या संगणकास ती अपुरी होती.

याच सुमारास महाराष्ट्रात संगणक घरात येऊ लागला. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू झाला व तालुक्याच्या गावांतूनही त्याची केंद्रे निघाली. मुलांचे शिक्षण व नोकरीची आशा यांपायी अनेक कुटुंबांनी सुटे भाग जोडून केलेला संगणक घेतला. त्यावरील विंडोज पुष्कळदा परवान्याविना उतरविलेली असे. ही गोष्ट पुढे विषाणुरोधकाच्या निवडीतही आडवी आली.

विनामूल्य आज्ञावलीची खरी किंमत या घरांत कळून आली. ती उतरवून घेणे व तिची यादी ताजी ठेवणे यांसाठी इंटरनेट हवे. दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदास सु. ५ किलोबाइट वेगाने ३० मेगाबाइटांची संचिका उतरविण्यास पावणेदोन तासांच्या आसपास लागत. २००५ मध्ये भारत संचार निगमने सुरू केलेल्या २५६ किलोबिट वेगाच्या जोडणीवर तेच काम सोळा मिनिटांचे झाले, परंतु ती जोडणी प्रामुख्याने शहरी भागात होती. २०११ च्या जनगणनेचे आकडे या संदर्भात बोलके आहेत. देशातील सु. ९.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता, परंतु इंटरनेटसह तो केवळ ३.१ टक्के कुटुंबांकडे होता. म्हणजे दर तीन घरगुती संगणकांपैकी दोन जाळ्याबाहेर होते. ग्रामीण भारतात इंटरनेटसह संगणक असलेली कुटुंबे ०.७ टक्के एवढीच होती. यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या त्या जनगणनेत २७,७२,३४८ होती व तिच्यातील सु. चार-पंचमांश लोक खेड्यांत राहत होते, हे लक्षात घेता तेथील स्थितीची कल्पना येते. त्यात त्या वर्षांतील भारनियमनाची भर होती. सायंकाळी वीज आल्यावर संगणक सुरू करून प्रथम यादी उतरविण्यास वेळ देणे कोणत्याही कुटुंबास जड जाई.

जाळ्याबाहेरचा संगणक विषाणूंपासून सुरक्षित असतो, ही समजूत याच काळात खोटी ठरली. फ्लॉपीची जागा पेन ड्राइव्हने घेतली. छायाप्रतीच्या दुकानात परीक्षेचा अर्ज, विद्यार्थ्याचा प्रकल्प-अहवाल वा लग्नाची छायाचित्रे छापून घेण्यासाठी तो जाई व विषाणू घेऊन परत येई. फोल्डरचे चित्र धारण करणारी, ‘न्यू फोल्डर’ असे नाव असलेली संचिका ही त्या वर्षांतील नित्याची खूण होती. ती उघडताच विषाणू कामास लागे. पेन ड्राइव्ह खोचताच त्यावरील आज्ञावली आपोआप चालू करण्याची विंडोजची सोय तर विषाणूंच्या पथ्यावरच पडली. नोव्हेंबर २००८ मध्ये प्रकटलेल्या ‘कॉन्फिकर’ने तिचा पुरेपूर उपयोग केला. जुन्या विंडोजमधील ही सोय पेन ड्राइव्हपुरती बंद करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मध्ये सर्वांकडे पाठविली, परंतु जाळ्याबाहेरील संगणकांना तीही पोहोचली नाही. अशा घरी चार महिन्यांपूर्वीची यादी असलेला विनामूल्य विषाणुरोधक पडद्याच्या कोपऱ्यात बसलेला असे व त्याच्यामुळे घरातील माणसे निर्धास्त असत. काही न बसविण्यापेक्षा हे अधिक धोक्याचे होते, कारण निर्धास्त माणूस कोणताही पेन ड्राइव्ह खोचतो.

याच गैरसमजाचा लाभ खोट्या विषाणुरोधकांनी घेतला. ‘अँटिव्हायरस २००९’ यासारखी नावे धारण करणाऱ्या आज्ञावली संगणकात शेकडो विषाणू असल्याचा देखावा करून पैसे मागत. विनामूल्य तपासणीच्या आमिषाने शिरणारा हा प्रकार म्हणजे स्वतःच एक विषाणू होता. म्हणून विनामूल्य आज्ञावली उत्पादकाच्या मूळ स्थळावरूनच घ्यावी, हा नियम रूढ झाला.

अंगभूत विषाणुरोधक : २९ सप्टेंबर २००९ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स’ विनामूल्य उपलब्ध केले. ते आटोपशीर होते व वार्षिक नोंदणी मागत नव्हते. मात्र अधिकृत परवान्याची विंडोज ही त्याची अट होती. परवान्याविना विंडोज असलेल्या घरांना विनामूल्य वस्तू घेण्यासाठी आधी महाग वस्तू विकत घ्यावी लागे. साहजिकच ती घरे अवास्ट, एव्हीजी अगर दुकानदाराच्या पेटीकडे वळली. २०१२ मधील विंडोज ८ पासून ‘डिफेंडर’ या नावाने विषाणुरोधक कार्यप्रणालीतच अंतर्भूत झाला. विंडोज १० (२०१५) च्या काळात त्याची गुणवत्ता पुष्कळ सुधारली. जर्मनीतील एव्ही-टेस्ट व ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या परीक्षणसंस्थांच्या चाचण्यांत आरंभी मागे राहणारा हा विषाणुरोधक पुढे विकतच्या आज्ञावलींच्या बरोबरीस आला.

सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यावर भ्रमणध्वनीवरील इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले. तालुक्याच्या गावीही भ्रमणध्वनीची जोडणी संगणकास देऊन यादी रोज ताजी ठेवणे शक्य झाले. विकतच्या पेटीचा जो मुख्य लाभ होता, तो येथे ओसरला.

नेमक्या याच वेळी घरगुती व छोट्या दुकानांतील संगणकांवरील कामाचे महत्त्व वाढले. २०१७ मधील छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेच्या कर्जमाफीसाठी शेतकऱ्यांना संगणकाद्वारे अर्ज भरावे लागले. कापूस पिकविणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यात या योजनेस असलेले महत्त्व सांगावयास नको. आधार क्रमांक, बँकेचे खाते, सातबारा, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीची कागदपत्रे इ. गोष्टी अशा संगणकांत साठू लागल्या. त्याच वर्षी १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. तो संचिका कुलूपबंद करून त्या सोडविण्यासाठी पैसे मागे. त्याने वापरलेल्या छिद्रावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, त्यांस त्याची झळ पोहोचली. विषाणुरोधक हा कार्यप्रणालीच्या दुरुस्त्यांचा पर्याय नाही, ही गोष्ट या घटनेने स्पष्ट केली. परवान्याच्या भीतीने विंडोजच्या दुरुस्त्या बंद ठेवणाऱ्या घरांना ती विशेष लागू पडते.

शासनाच्या वतीने सर्ट-इन या संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. विषाणूबाधित संगणक साफ करणाऱ्या विनामूल्य आज्ञावली त्याद्वारे उपलब्ध झाल्या व त्यांत क्विक हीलने दिलेली आज्ञावलीही होती. सी-डॅकने तयार केलेली ‘यूएसबी प्रतिरोध’ ही पेन ड्राइव्हवर नियंत्रण ठेवणारी आज्ञावलीही तेथे देण्यात आली. महाराष्ट्रातील अनुभव पाहता ती आणखी दहा वर्षे आधी यावयास हवी होती. या आज्ञावलींपैकी एकदा साफसफाई करणाऱ्या आज्ञावलींना कायमचा विषाणुरोधक समजू नये.

मूल्याचे दुसरे रूप : विनामूल्य आज्ञावलीचे उत्पादक उत्पन्न कसे मिळवितात, हा प्रश्न बराच काळ दुर्लक्षित राहिला. २०१६ मध्ये अवास्टने एव्हीजी विकत घेतली. जानेवारी २०२० मध्ये असे उघडकीस आले, की अवास्ट वापरणाऱ्यांनी पाहिलेल्या संकेतस्थळांची माहिती तिची ‘जंपशॉट’ ही उपकंपनी विकत होती. उपकंपनी लगेच बंद करण्यात आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने या प्रकरणी १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याचा आदेश प्रस्तावित केला. पहारेकऱ्यानेच घरातील बातमी बाहेर विकावी, असा हा प्रकार होता. यानंतर विनामूल्य आज्ञावली निवडताना तिची गोपनीयतेसंबंधीची कलमे वाचणे व माहिती पाठविण्याचे पर्याय बंद करणे यांस महत्त्व आले. ही कलमे इंग्रजीत व लांबलचक असल्याने ती वाचणारा विरळाच.

परवान्यातील आणखी एक कलम ग्रामीण महाराष्ट्रात महत्त्वाचे आहे. बहुतेक विनामूल्य आवृत्त्या केवळ घरगुती वापरासाठी असतात. ज्या घरी दिवसा शेजाऱ्यांचे अर्ज पैसे घेऊन भरले जातात अगर छपाईचा व्यवसाय चालतो, त्या घरचा संगणक या अटीत बसत नाही. सिक्युरिटी इसेन्शियल्सला छोट्या व्यवसायांत दहा संगणकांपर्यंत मोकळीक २०१० मध्ये देण्यात आली होती. कार्यप्रणालीतच असलेल्या डिफेंडरला अशी मर्यादा नाही.

निवडीच्या दृष्टीने पाहता, अद्ययावत विंडोज व नियमित इंटरनेट असलेल्या घरास अंगभूत विषाणुरोधक सामान्यतः पुरेसा ठरतो. दुसरा बसविल्यास पहिला आपोआप बाजूस सरतो. परंतु तसे न होता दोन विषाणुरोधक एकाच वेळी पहारा देऊ लागले, तर ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात व संगणक मंद होतो. इंटरनेट क्वचितच मिळणाऱ्या घरी कोणता विषाणुरोधक आहे यापेक्षा त्याची यादी जाळ्याबाहेरून आणलेल्या संचिकेने ताजी करता येते काय, हे पाहणे श्रेयस्कर असते. क्विक हीलसारख्या काही आज्ञावलींत ही सोय आहे व डिफेंडरची यादीही अशा संचिकेतून भरता येते. संगणकाविषयी काहीच माहिती नसलेल्या, परंतु विश्वासू दुकानदार जवळ असलेल्या कुटुंबास विकतची आज्ञावली घेणे आजही गैर नाही. मात्र खंडणीखोर विषाणूंनी कुलूपबंद केलेल्या संचिका विनामूल्य वा विकतची कोणतीही आज्ञावली बहुधा परत आणू शकत नाही. त्यासाठी महत्त्वाच्या संचिकांची एक प्रत संगणकापासून अलग ठेवलेल्या चकतीवर असावी लागते.

अविरा ही कंपनी अमेरिकेतील नॉर्टनलाइफलॉककडे गेली व सप्टेंबर २०२२ मध्ये अवास्टही तीत विलीन झाली. पुढे संयुक्त कंपनीस ‘जेन’ हे नाव मिळाले. त्यामुळे अवास्ट, एव्हीजी व अविरा ही एकेकाळची प्रतिस्पर्धी विनामूल्य नावे आता एकाच मालकीची आहेत. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चालत नसल्याने तीच आवृत्ती वापरणारी घरे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी डिफेंडरच्या ओळखखुणांची यादी किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. कार्यप्रणालीतील छिद्रांच्या दुरुस्त्या मात्र वाढीव साहाय्याची नोंदणी केलेल्या संगणकांनाच व मर्यादित काळापर्यंतच मिळणार आहेत.